बेल्ट उतरवायच्या आधी

मामा : टायमिंग घरी खोलायचं नसतं, एवढंच सांगायला आलोय.

भाची : टायमिंग नाही खोलायले मामा. सील बदलायलेय.

मामा : सील कुठंय?

भाची : कॅमच्या पुलीमागं.

मामा : आणि पुलीवर काय चढलंय?

भाची : बेल्ट.

मामा : मग काय खोलायलीस तू?

ही भाची म्हणजे माझी लेक. अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि जुनी मारुती ८०० चालवते. मामा म्हणजे माझे मेहुणे. केजला त्यांचं गॅरेज आहे, हात बसलाय तो ट्रॅक्टर आणि जीपवर. गाडीच्या कॅमशाफ्टच्या तोंडाशी जे रबरी ऑइल सील असतं, ते कडक होऊन गळायला लागलंय. सील स्वस्त, पण त्याच्यापुढं कॅमची दात्यांची पुली, पुलीवर टायमिंग बेल्ट, त्यावर कव्हर, आणि कव्हरच्या आडवी क्रँकची पुली नि फॅन बेल्ट. हे सगळं उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. बरं, तसंच गळू द्यावं तर तेल बेल्टवर उडतं, रबर फुगतं आणि भर रस्त्यात बेल्टच जातो. तेव्हा काम टळणारं नव्हतंच. कुणी करायचं आणि कुठं, एवढ्यावरच वाद होता. लेकीला दिवाळीची सुट्टी लागली होती. अंगण माझं असल्यामुळं मला कुणी मत विचारलं नाही.

भाची : चार स्ट्रोकचं चक्र पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो, कॅम एकदा. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात. बेल्ट त्या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवतो, बस. खुणा जुळवायच्या, उतरवायचं, परत त्याच खुणांवर चढवायचं. यात न जमण्यासारखं काय आहे?

मामा : फळ्यावरचा बेल्ट दात सोडत नसतो बाळा.

भाची : एक दात सुटला तर किती बिघडतं तेही काढता येतं. समजा, पुलीला ४० दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८.

मामा : आणि १८ अंशाला गाडी सुरू होती, हीच पंचाईत. झालीच नसती तर बरं, माणूस लगेच परत खोलतो. पण सुरू होती. चढाला दम टाकती, तापती, पेट्रोल पिती. मग कार्ब्युरेटर साफ कर, प्लग बदल, वायर बदल, असं करत गिऱ्हाईक चार गॅरेज हिंडतं. आधी कुणी हात घातला होता हे कुणी सांगत नाही आणि खुणा बघायला कव्हर कुणी काढत नाही.

इथं लेक जरा थांबली. बिघाड लपून बसणारा असेल तर करणाऱ्याची परीक्षा काम संपल्यावर लागते, हे तिला पटलेलं दिसलं. पण ती मागं हटली नाही.

भाची : म्हणूनच आधी नीट ठरवलंय. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. प्लग काढायचे, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. क्रँकच्या मधल्या बोल्टला गोटी पाना लावून फिरवत पिस्टन टॉपला आणायचा.

मामा : कुठला पिस्टन?

भाची : एक नंबरचा.

मामा : पुस्तकात बघितलंस का नुसतं ऐकलंयस? एका चक्रात प्रत्येक पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा धूर बाहेर काढताना. आणि खुणा जुळल्या म्हणजे एक नंबरच कॉम्प्रेशनला आला असं सगळ्या इंजिनांत नसतं. कंपनीनं कुठल्या सिलिंडरवर खूण धरलीय ते त्या इंजिनाच्या पुस्तकात असतं. अंदाजानं नाही चालत.

भाची : बघते. पण मला एक नंबरशी काय देणंघेणं? वर कॅमच्या पुलीची खूण हेडकडच्या खुणेसमोर आणि खाली क्रँकची खूण तिच्या बाणासमोर, एवढं जुळलं की बास.

मामा : बास कसं? बेल्ट निघाला की कॅम मोकळा झाला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याच्या नाकावर दाबून बसलेल्या असतात. त्या ढकलतात आणि कॅम खाडकन फिरतो. तेवढ्यात कुठला पिस्टन वर असला आणि व्हॉल्व्ह खाली उतरला तर?

भाची : चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन एकदम टॉपला असतात, तिथं हे जास्त. ही तीनची गाडी आहे. एक टॉपला असला की बाकीचे दोघं १२० अंश लांब, म्हणजे बरेच खाली. एकालाच सांभाळायचं.

मामा हसले. त्यांच्या हातून हा हिशेब कधी कागदावर गेला नसावा, पण मान हलवली ती दाद दिल्यासारखी. मग म्हणाले, व्हॉल्व्ह आणि पिस्टन काही इंजिनांत एकमेकांना पोचतच नाहीत, काहींत हमखास भिडतात. आपल्याला खात्री नसेल तर भिडतात असंच धरून चालायचं. एक व्हॉल्व्ह वाकला तरी हेड उतरवावंच लागतं.

या गाडीबद्दल मला एक सांगावंसं वाटतं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी एका ग्राहकाच्या हातात दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत ७९६ सीसीचं हे इंजिन गावोगावच्या मिस्त्रींनी इतकं खोललं की त्याचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानातही मिळायला लागला. पण ते इंजिन आडवं बसवलेलं आहे. टायमिंगची बाजू चाकाकडं तोंड करून असते आणि मधे जागा वीतभर. जीपचं इंजिन उभं. पुढचा रेडिएटर काढला की सगळं समोर. मामांचा अर्धा राग या वीतभर जागेवरचा आहे, असं माझं मत.

भाची : मामा, तुम्ही करून द्या म्हणाले होते मी. तुम्हीच म्हणालात, दिवाळीपर्यंत वेळ नाही.

मामा : खोटं नव्हतो बोलत. टोळ्या निघायच्यात. मुकादमानं उचल वाटलीय, कोयते ठरलेत, आणि ट्रॅक्टर माझ्या दारात. कुणाचा क्लच, कुणाचं हायड्रॉलिक. कारखान्यावर गेल्यावर बंद पडला तर मलाच शिव्या.

आमच्या बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा ठेकेदार, उचल म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे. कोयता म्हणजे इथं नुसतं हत्यार नव्हे, ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी भागातली गावं अर्धीअधिक रिकामी होतात. माणसं सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडं आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. त्याच्या आधीचे आठवडे म्हणजे इथल्या गॅरेजवाल्यांचा हंगाम.

भाची : त्याच ट्रॅक्टरवाल्यांचं बोला. फडावर इंजिन बसलं तर तो ड्रायव्हर काय करतो? तुम्हाला केजहून बोलावतो?

मामा : खोलतो तिथंच. रानात, बॅटरीच्या उजेडात. ऊस तोडून पडलेला असतो, वाळला की वजन जातं, उतारा जातो. त्याला थांबून चालत नाही.

भाची : मग त्यानं रानात खोललेलं चालतं आणि मी अंगणात फरशीवर खोललेलं नाही?

मामा : चालत नाही, त्याला चालवावं लागतं. दोन्हीत फरक आहे. आणि त्या घाईतच दात चुकतो. माझ्याकडं उन्हाळ्यात जी इंजिनं येतात ना, त्यातली काही अशीच घाईत जोडलेली असतात.

भाची : म्हणजे घाई वाईट. बरोबर?

मामा : बरोबर.

भाची : मग घाई कुठं आहे आत्ता? तुमच्या दारात का माझ्या?

याला मामांकडं उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं सबंध वादात सगळ्यात वजनदार बोलणं हेच होतं. घरच्या कामाला आपण ‘हौस’ म्हणून हलकं लेखतो. पण घरी काम करणाऱ्याकडं एक गोष्ट असते जी दिवसाला पाच गाड्या सोडणाऱ्या मिस्त्रीकडं नसते: बोल्ट निघेना तर त्यावर रस्ट सोडवायचं तेल मारून सकाळपर्यंत तसाच ठेवायची मुभा. जोर लावून बोल्टचं डोकं गोल होतं ते बहुतेक संध्याकाळी सात वाजता, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

मामांनी विषय बदलला.

मामा : पुली धरणार कशानं? बोल्ट सोडताना कॅम सोबत फिरणार.

भाची : व्हिडिओत दात्यांत पेचकस अडकवतात.

मामा : बघ! हेच. त्या पुलीचा एक दात टवकला की नवा बेल्ट तिथंच खाल्ला जातो. नाहीतर जुना बेल्ट गुंडाळून पकडीनं धरतात, तेही गॅरेजवालेच करतात, मी नाकारत नाही. काही सुझुकी इंजिनांत कॅमशाफ्टलाच भोक दिलेलं असतं. वरचं कव्हर काढून त्यात रॉड घालायचा, खाली जाड फडकं ठेवायचं म्हणजे हेडच्या तोंडाला चरा पडत नाही. नाहीतर पुलीच्या भोकांत बसेल असा दोन पिनांचा दांडा लेथवाल्याकडून करून घ्यायचा. आणि बोल्ट निघाल्यावर पुली हातानं येती. नाही आली तर पुलर. मागून टॉमी घालून उचकटायचं नाही, हातोडा तर नाहीच. कॅम ओतीव असतो. वाकत नाही, तुटतो.

भाची : हे आधी का नाही सांगितलंत?

मामा : विचारलं कुठं? तू तर मी येण्याआधीच ठरवून बसलीस.

भाची : तुम्हाला तुमच्या उस्तादानं सांगितलं होतं?

मामा : (थांबून) नाही. टायमिंग लावायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचा. परत येईपर्यंत कव्हर बसलेलं. दोन वर्षं चहाच आणला मी. शेवटी एका पोराला चहाला पाठवलं आणि मी ट्रकखाली लपून बघितलं.

यावर लेक पुष्कळ बोलली. विद्या चहाच्या किटलीमागं लपवायची आणि मग लोकांना येत नाही म्हणून हसायचं, असा तिचा रोख होता. मामांनी शांतपणे ऐकलं. धंद्याला मार बसेल म्हणून तुम्ही अडवता, असंही ती बोलून गेली. त्यावर ते म्हणाले, घरी मोडून आणलेल्या गाडीचे मला दुप्पट पैसे मिळतात, माझं काय जातंय. हे उत्तर विनोदी होतं, पण खरंही होतं.

भाची : मग तुम्ही सगळंच घरी खोलू द्याल?

मामा : नाही. हे तुझं बेल्टचं आहे म्हणून मी बोलायलो तरी. गिअर असता तर पाना हातातून काढून घेतला असता.

आता मामा त्यांच्या मुलखात आले. ट्रॅक्टरच्या इंजिनात बेल्ट नसतो. पुढच्या कव्हरखाली क्रँकचा गिअर, मधला आयडलर आणि कॅमचा गिअर एकमेकांत दात घालून बसलेले असतात. जुन्या पेट्रोल जीपमध्येही गिअरच, फक्त मधल्या आयडलरशिवाय. महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातलं हरिकेन इंजिन, चार सिलिंडरचं २१९९ सीसीचं, मामा शिकाऊ असताना गॅरेजात यायचं. त्याचा कॅमशाफ्ट हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकमध्ये. क्रँकचा गिअर पोलादी आणि कॅमचा फायबरचा, लोखंडावर लोखंड वाजू नये म्हणून. चालताना आवाज नाही, पण म्हातारा झाला की दात भुग्यासारखे झडतात आणि तेलाच्या चाळणीत जाऊन बसतात. युद्धकाळातल्या सुरुवातीच्या विलीज इंजिनांत साखळी होती, नंतर गिअर आले. साखळीनं कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो, गिअरला गिअर भिडला की उलटा. त्यामुळं एकाचा कॅम दुसऱ्याला चालत नाही. हे सांगताना मामा हाताच्या मुठी एकमेकींवर फिरवून दाखवत होते.

मामा : तो गिअर कॅमवर दाबून बसवलेला असतो. बोल्ट काढला म्हणून सुटत नाही. पुलर दात्यांना लावला की फायबर फुटलाच. कॅम बाहेर काढायचा, गिअरला मधल्या भागाजवळ टेकू द्यायचा, दात्यांखाली नाही, आणि लेथवाल्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर शाफ्ट खाली ढकलायचा. मागं थ्रस्ट प्लेट असती, ती दबू द्यायची नाही. आणि खाली एक माणूस हात लावून. सुटला की कॅम एकदम पडतो.

भाची : बसवताना तापवत असाल.

मामा : पोलादी असला तर तेलात तापवतो. फायबरला ज्योत दाखवायची नाही.

भाची : ३० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०३६ मिलिमीटर मोठं होतं.

मामा : एवढंच?

भाची : एवढंच.

मामा : एवढंच लागतं. तेवढ्यात तो आपोआप घसरतो. पण गिअरची चावी खाचेत आहे का ते आधी बघायचं, कारण एकदा थंड झाला की परत प्रेस.

गिअरचं काम घरी करायचं नाही, यावर दोघांचं एकमत झालं. स्विफ्ट, वॅगन आरमध्ये आलेल्या के मालिकेतल्या इंजिनांत साखळी असते. तिथं साखळी स्प्रॉकेटला तारेनं बांधली नाही तर ती खाली घसरते, आणि टेन्शनरचा दट्ट्या पिन घालून अडवला नाही तर बाहेर उडतो. त्याबद्दलही फारसा वाद झाला नाही. मामा म्हणाले, ते मीसुद्धा पुस्तक समोर ठेवूनच करतो.

मग मामांनी अंगणाकडं मोर्चा वळवला, आणि इथं मी कान टवकारले.

मामा : गाडी इथंच उभी करणार? या बोळात?

भाची : हो. न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून.

मामा : गिअरमध्ये का नाही?

भाची : बेल्ट काढलेला असताना कुणी गाडी सरकवली तर चाकाबरोबर क्रँक फिरेल आणि कॅम जागेवरच राहील.

मामा : हे कुणी शिकवलं तुला?

भाची : कुणी नाही. विचार केला.

मामा : बरं. गाडीची चावी कुठं ठेवणार?

भाची : गाडीतच... नाही, माझ्याकडं.

मामा : दिवाळीत घर पाहुण्यांनी भरतं. एखादं पोरगं आत बसतं, किल्ली फिरवतं. बॅटरी काढलेली असली तरी चावी तुझ्या कनवटीला पाहिजे. आणि दुपारी वारं सुटतं तेव्हा इंजिनचं तोंड झाकून ठेव. काळ्या मातीची धूळ सीलच्या जागेत बसली की नवं सीलही पंधरवड्यात गळतं. दाजी, जळकं ऑइल कुठं सांडू देऊ नका, तुमचं बोअर तिथंच आहे.

जळक्या ऑइलचा मुद्दा माझा होता, तो त्यांनी मांडला. बीड जिल्ह्यात बोअरला पाणी लागणं हा नशिबाचा भाग असतो. लागलेल्या पाण्यात तेल उतरवण्याइतके आम्ही श्रीमंत नाही. सेंटरिंगवाले ते ऑइल फळ्यांना लावायला आनंदानं नेतात.

भाची : आता सांगा, शेवटी काय बघू?

मामा : जुना बेल्ट परत चढवायचा नाही, तेल प्यायलाय तो. नवा चढवताना दोन्ही खुणा बघ. टेन्शनरची स्प्रिंग देईल तेवढाच ताण, वरून पान्यानं ओढायचं नाही. मग इंजिन जसं फिरतं त्याच दिशेला हातानं पुरे दोन फेरे. उलटं नाही. कुठं अडलं तर थांब, जोर लावू नको, ते अडणं म्हणजे व्हॉल्व्ह असतो. दोन फेऱ्यांनी खुणा परत जुळल्या तरच टेन्शनर घट्ट कर. सेल्फ सगळ्यात शेवटी.

भाची : खुणांचे फोटो पाठवते तुम्हाला. काढायच्या आधीचे आणि नंतरचे.

मामा : फोटोवर भरवसा नाही. या गाडीत समोरून बघायला जागाच नाही, तिरपं बघावं लागतं. तिरपं बघितलं की जुळलेली खूण अर्धा दात सरकलेली दिसती आणि सरकलेली जुळलेली दिसती. आरसा लाव. दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला, छोटा.

भाची : तो आमच्या प्रयोगशाळेत आहे.

मामा : तरी बेल्ट उतरवायच्या आधी मला फोन कर. भाऊबीजेला येणारच आहे मी, तेव्हाच उतरव.

भाची : म्हणजे शेवटी तुम्हीच करणार.

मामा : मी नुसता बसणार. चहा पिणार.

भाची : मग येताना टॉर्क रेंच आणा. बोल्ट किती आवळायचा ते पुस्तकात आहे, पण माझ्याकडं रेंच नाही.

मामा : तो मी कुणाच्या हातात देत नसतो. गॅरेजातल्या पोरांनाही नाही.

भाची : मग तुम्ही काट्याकडं बघा, आवळते मी.

मामा : त्याला काटा नसतो. खट् वाजतो.

भाची : तर मग ऐकायला बसा.